डलॉनिगाची जमीन रिकामी नव्हती

पानांना रंग चढायला लागले की अटलांटाच्या आसपासच्या मराठी घरांतून डलॉनिगाच्या सहली ठरतात आणि त्याबरोबर एक मजकूर दरवर्षी नव्यानं फिरायला लागतो. ‘अमेरिकेतलं पहिलं सोन्याचं गाव’ असा त्याचा मथळा. लिहिलाय गोड, म्हणून लोक मनापासून पुढे पाठवतात. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: उत्तर जॉर्जियाचे डोंगर म्हणजे रिकामं रान होतं, चेरोकी, म्हणजे तिथले मूळ अमेरिकी लोक, तिथे शिकारीपुरते भटकत. १८२८ साली बेंजामिन पार्क्स या तरुणाला हरणामागे जाताना एका दगडाची ठेच लागली, दगड सोन्याचा निघाला आणि अमेरिकेतली पहिली गोल्ड रश, म्हणजे सोन्यासाठीची झुंबड, सुरू झाली. सरकारनं कायदेशीर सोडत काढून गोरगरिबांना जमिनी वाटल्या. चेरोकींनी ५० लाख डॉलर घेऊन आपला हक्क विकला आणि ते पश्चिमेला निघून गेले. पुढे सोनं संपलं, लोक कॅलिफोर्नियाला गेले आणि मागे उरली एक शांत, सुंदर काउंटी. शेवटचं वाक्य: ‘कुणाच्या डोळ्यांत पाणी न आणता वसलेलं गाव.’

हे शेवटचं वाक्य माझ्या घशाखाली उतरत नाही. डलॉनिगा हे लम्पकिन काउंटीचं मुख्य ठाणं, काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखं. ही काउंटी ज्या काळात वसली त्या काळाचे इतके कागद शिल्लक आहेत, कायदे, मोजणीचे नकाशे, शिरगणती, निवाडे, अर्ज, की अंदाज बांधायची गरजच पडत नाही. आणि त्यातले बरेचसे कागद चेरोकींनी केलेले नाहीत, त्यांना घालवणाऱ्यांनीच केलेले आहेत. तेच समोर ठेवून एकेक मुद्दा घेते.

आधी ते ‘रिकामं रान’.

२६ मे १८२६ रोजी फिलाडेल्फियातल्या एका चर्चमध्ये एलायस बुडिनॉट हा चेरोकी तरुण बोलायला उभा राहिला. आपल्या लोकांसाठी छापखाना घ्यायचा होता, त्यासाठी तो निधी गोळा करत हिंडत होता. समोरच्या गोऱ्या श्रोत्यांना त्यानं आपल्या राष्ट्राच्या मालमत्तेची यादीच वाचून दाखवली: २२,००० गुरं, ७,६०० घोडे, ४६,००० डुकरं, २,५०० मेंढ्या, ७६२ हातमाग, २,४८८ चरखे, १७२ गाड्या, २,९४३ नांगर, ३१ पिठाच्या गिरण्या, १० लाकूड कापायच्या गिरण्या, ६२ लोहारशाळा, १८ शाळा. नांगरांचा आकडा परत वाचा. शिकारीपुरता भटकणारा माणूस नांगर ठेवत नाही.

निधी जमला, छापखाना आला. आजच्या गॉर्डन काउंटीत, डलॉनिगाच्या पश्चिमेला, न्यू एकोटा इथे चेरोकींनी १८२५ साली राजधानी वसवली होती. रीतसर रस्ते आखून, भूखंड पाडून. १८२७ मध्ये तिथेच त्यांनी लेखी घटना स्वीकारली. २१ फेब्रुवारी १८२८ रोजी तिथून ‘चेरोकी फीनिक्स’ या वर्तमानपत्राचा पहिला अंक निघाला, संपादक हाच बुडिनॉट. काही मजकूर इंग्रजीत, काही चेरोकीत. ती चेरोकी लिपी सिक्वोया या माणसानं एकट्यानं घडवली होती, आणि त्याला स्वतःला इंग्रजी वाचता येत नव्हतं. ‘कागदावर बोलता येतं’ एवढंच त्यानं गोऱ्यांकडे पाहिलं आणि घरी बसून आपल्या भाषेतले आवाज सुटे करत गेला. १८२१ पर्यंत त्याची लिपी तयार झाली. आपण बाराखडी घोकलेली माणसं, आपल्याला तिची गंमत लगेच कळते: रोमनसारखी सुट्या व्यंजन-स्वरांची नाही, अक्षराअक्षराची लिपी आहे. फक्त काना-मात्रा नाहीत, ‘गा’, ‘गे’, ‘गी’ यांना सरळ वेगवेगळी चिन्हं. एकूण ८५. चेरोकी बोलणारा माणूस ती थोड्या दिवसांत वाचायला लागायचा.

१८३५ साली अमेरिकी सरकारनंच मिसिसिपीच्या पूर्वेकडच्या चेरोकींची शिरगणती केली. १६,५४२ चेरोकी, त्यातले ८,९४६ एकट्या जॉर्जियात. डोंगरात घरं दाट नव्हती, ओढ्याकाठच्या सपाटीला धरून विखुरलेली होती. पण आपल्या सह्याद्रीतली वाडी विखुरलेली असते म्हणून तिथे कोणी राहत नाही असं आपण म्हणत नाही.

त्याच शिरगणतीत आणखी एक आकडा आहे, तो लपवून मला पुढे जायचं नाही. या चेरोकींकडे १,५९२ काळे गुलाम होते. श्रीमंत चेरोकी घराण्यांचे मळे गुलामांच्या कष्टावर चालत आणि त्यांच्या घटनेनं काळ्या माणसांना मताचा अधिकार दिला नव्हता. ते देवमाणसं होते असं मी म्हणत नाही. ते तिथले रहिवासी होते, घरदार, शेती, कोर्टकचेरी, वर्तमानपत्र असलेले. प्रश्न तेवढाच आहे.

आता पार्क्सची ठेच. ही गोष्ट खुद्द पार्क्सनं सांगितली हे खरं, पण कधी? १८९४ साली, अटलांटाच्या एका वर्तमानपत्राला. तेव्हा त्याचं वय नव्वदीच्या पुढे होतं आणि घटनेला ६६ वर्षं होऊन गेली होती. तो खोटं बोलला असं मला म्हणायचं नाही. म्हाताऱ्या माणसाच्या आठवणीचा मान ठेवावा, पण तिला पंचनामा समजू नये. त्या काळात छापलेला सुरुवातीचा पुरावा म्हणजे जॉर्जियाच्या तेव्हाच्या राजधानीतल्या, मिलेजव्हिलच्या वर्तमानपत्रातली १ ऑगस्ट १८२९ ची बातमी, आणि ती शेजारच्या हॅबरशॅम काउंटीत सोनं सापडल्याची आहे, पार्क्सचं नाव नसलेली. ‘अमेरिकेतली पहिली गोल्ड रश’ हे तर साफ चूक. नॉर्थ कॅरोलायनात १७९९ साली कॉनरॅड रीड नावाच्या बारा वर्षांच्या पोराला ओढ्यात १७ पौंडांचा गोळा सापडला होता. घरच्यांनी तो काही वर्षं दाराला अडणी म्हणून वापरला. पुढे एका सोनारानं साडेतीन डॉलरला घेतला. गोल्ड रश तिथून सुरू झाली, जॉर्जियाचा नंबर दुसरा.

पण पहिला की दुसरा यानं फार बिघडत नाही. बिघडतं ते ‘सापडलं’ या शब्दानं, कारण कोणाच्या जमिनीत सापडलं हे त्यात गायब होतं. १८१९ च्या तहानं चॅटाहूची आणि तिची उपनदी चेस्टॅटी ही सीमा ठरली होती. चेस्टॅटीच्या पूर्वेचं जॉर्जियाचं, पश्चिमेचं चेरोकींचं. नकाशा उघडून बघा, डलॉनिगा पश्चिमेला आहे. १८२९ पासून हजारो लोक फावडी-पराती घेऊन ही नदी ओलांडायला लागले, ते दुसऱ्याच्या हद्दीत शिरत होते. त्या लोंढ्याला तेव्हापासूनच ‘मोठी घुसखोरी’ म्हणतात. केंद्र सरकारनं १८३० साली सैन्य पाठवून या लोकांना हुसकायला सुरुवातही केली होती. मग जॉर्जियाच्या गव्हर्नरनं राष्ट्राध्यक्ष जॅक्सनला ते सैन्य काढून घ्यायला सांगितलं आणि त्यानं घेतलं. त्या जागी जॉर्जियानं स्वतःची ‘गार्ड’ ही हत्यारबंद तुकडी आणली.

आणि कायदे केले. चेरोकींचे सगळे कायदे १ जून १८३० पासून रद्द. गोऱ्या माणसाविरुद्ध कोर्टात चेरोकीची साक्ष चालणार नाही. म्हणजे कोणी तुमची गुरं नेली, कुंपण मोडलं, घरात शिरलं, तरी डोळ्यांनी बघणाऱ्या चेरोकीच्या शब्दाला किंमत शून्य. आणि चेरोकीनं स्वतःच्या जमिनीतलं सोनं काढायचं नाही.

डलॉनिगाला सहलीला गेलेल्यांनी परात हलवून पाहिली असेलच. मीही पाहिली आहे. आपल्याकडचे झारेकरी सोनाराच्या दुकानापुढची धूळ धुतात तीच रीत: परात तिरकी धरायची, गोल फिरवत पाणी आणि हलकी वाळू काठावरून सांडू द्यायची. तळाला काळी जड रेती उरते, आणि नशीब असेल तर तिच्या कडेला नखाच्या टोकाएवढा पिवळा कण. अर्धा तास वाकून मला दोन कण मिळाले, मुलांनी ते पाण्याच्या बाटलीत घालून घरी आणले. त्या ओढ्याच्या खऱ्या मालकाला १८३० नंतर हीच परात हातात धरायला बंदी होती. आणि गावाचं नाव त्याच्याच भाषेतलं: ‘दालोनिगे’ म्हणजे पिवळा. आपण ‘पिवळं’ म्हणतो तेव्हा ऐकणाऱ्याला सोनंच कळतं, तसंच काहीसं. १८३३ मध्ये गावाला हे नाव दिलं, तेव्हा ती भाषा बोलणारे लोक अजून आजूबाजूला राहत होते.

‘कायदेशीर सोडत काढून गोरगरिबांना जमिनी वाटल्या.’

या वाक्यावर मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे, कारण ऐकायला ते सगळ्यात चांगलं वाटतं. सोडत म्हटलं की आपल्याला म्हाडाची आठवते: सरकारी जागा, अर्ज, चिठ्ठी, ज्याचं नशीब त्याला घर. पण म्हाडा जी घरं वाटते त्यांत आधीपासून कोणी चूल पेटवून बसलेलं नसतं.

जॉर्जियानं १८३२ साली चेरोकी मुलूख मोजायला मोजणीदार पाठवले. साखळ्या टाकत ते शेतांतून, अंगणांतून गेले. सगळ्या मुलखाचे चार ‘सेक्शन’ पाडले, सेक्शनचे ‘डिस्ट्रिक्ट’, डिस्ट्रिक्टचे चौकोनी ‘लँड लॉट’. साधी जमीन असेल तिथे १६० एकरांचा लॉट, सोनं असेल असं वाटलं तिथे ४० एकरांचा. १८,३०९ जमिनीचे लॉट आणि सुमारे ३५,००० सोन्याचे. मोजणीदारांनी काढलेल्या नकाशांवर चेरोकींची घरं, शेतं, वाटा दाखवलेल्या आहेत. रिकाम्या रानाचा मुद्दा राज्याच्या स्वतःच्या नकाशावरच निकालात निघतो. मालक दिसत होता, त्याच्या घरावरून रेघ ओढली गेली.

ऑक्टोबर १८३२ मध्ये मिलेजव्हिलला सोडत सुरू झाली. दोन पिंपं. एकात अर्जदारांच्या नावाच्या चिठ्ठ्या, दुसऱ्यात लॉटच्या. एक हात इकडे, एक हात तिकडे. जॉर्जियात तीन वर्षं राहिलेल्या अविवाहित गोऱ्या पुरुषाला एक संधी, बायकामुलं असलेल्याला दोन. विधवा, अनाथ, जुने सैनिक यांनाही सवलती. कोणाला बसता येणार नाही याचीही यादी होती. चेरोकी मुलखात चोरून सोनं काढणारे बाद, आणि ‘पोनी क्लब’ या नावानं ओळखल्या जाणाऱ्या चोरांच्या टोळीशी संबंध असलेले बाद. चेरोकींचे घोडे आणि गुरं पळवणारी ही गोऱ्या दरोडेखोरांची टोळी. कायदा करणाऱ्यांना ती इतकी नीट माहीत होती की त्यांनी तिचं नाव कायद्यात घातलं. ज्यांची गुरं गेली त्यांची साक्ष मात्र त्याच राज्यात चालत नव्हती.

आता तारखा ओळीनं लावून बघा. ३ मार्च १८३२: अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा निवाडा, जॉर्जियाचे कायदे चेरोकी मुलखात लागू नाहीत. ऑक्टोबर १८३२: सोडत सुरू. ३ डिसेंबर १८३२: त्या मुलखाच्या दहा काउंट्या पाडल्या, त्यात लम्पकिन एक. २९ डिसेंबर १८३५: ज्याला ‘विक्री’ म्हणतात तो तह. मे १८३८: लोकांना बाहेर काढलं. म्हणजे आधी वाटणी झाली, मग तीन वर्षांनी खरेदीखत, आणि ताबा त्यानंतर. आपल्या गावात कोणी आपल्या शेताची अशी चिठ्ठी काढली असती तर त्याला आपण काय म्हणालो असतो?

जॉन रॉस हा चेरोकींचा निवडून आलेला मुख्य प्रमुख. १८३५ च्या वसंतात वॉशिंग्टनहून वाटाघाटी करून तो आजच्या रोम गावाजवळच्या आपल्या घरी परतला, तर घरात सोडतीत चिठ्ठी निघालेल्या माणसाचा संसार मांडलेला. रॉस बायकामुलांना घेऊन राज्याच्या सीमेपलीकडे टेनेसीत एका खोलीच्या लाकडी घरात राहायला गेला. राष्ट्राच्या प्रमुखाची ही गत, तर ओढ्याकाठच्या साध्या शेतकऱ्याची काय झाली असेल ते सांगायला नको. दुसऱ्या वर्षी सरकारी माणसं घरोघर फिरून चेरोकींच्या मालमत्तेचं मूल्यांकन करून गेली. त्या याद्यांत घराची लांबी-रुंदी आहे, मक्याची कणगी आहे, गोठा आहे, आणि पीच-सफरचंदाची झाडं मोजून त्यांची किंमत लावलेली आहे. फळाला आलेलं झाड भटक्याच्या अंगणात नसतं.

‘गोरगरिबांना’ हेही अर्धंच खरं. चिठ्ठी निघालेल्या कित्येकांनी तो मुलूख डोळ्यांनीही न बघता आपला लॉट दलालांना विकून टाकला. डलॉनिगाजवळच्या सर्वात नावाजलेल्या खाणींपैकी एक लवकरच दक्षिण कॅरोलायनाच्या जॉन कॅल्हूनच्या हातात गेली. हा देशाचा माजी उपराष्ट्राध्यक्ष आणि गुलामगिरीचा मोठा कैवारी. त्या खाणीत उतरायचे ते गुलाम. सोन्याच्या गावाच्या गोष्टीत त्यांना कुठेच जागा नसते. जेम्स बोइसक्लेअर या स्वतंत्र काळ्या माणसानं डलॉनिगात सोन्याची शीर शोधून काढली, पण त्या वेळच्या जॉर्जियात स्वतंत्र काळ्या माणसाला गोरा पालक नेमल्याशिवाय व्यवहार करता येत नसे, म्हणून त्यालाही पालक घ्यावा लागला. गावात त्याचं दुकान होतं, बर्फाचं कोठार होतं. पुढे तोही कॅलिफोर्नियाला गेला.

काउंटीचं नाव कोणाचं, हेही जाता जाता सांगते. विल्सन लम्पकिन १८३१ ते १८३५ जॉर्जियाचा गव्हर्नर होता, सोडत त्याच्याच कारकिर्दीत झाली आणि काउंटीही तेव्हाच त्याच्या नावानं पाडली. त्याआधी काँग्रेसमध्ये चेरोकींना हलवण्याच्या बाजूनं तो बोलला होता, आणि नंतर तह अमलात आणणारा आयुक्त म्हणूनही त्यालाच नेमलं. ते आपल्या आयुष्यातलं मोठं काम आहे असं त्याला शेवटपर्यंत वाटत होतं, तसं त्यानं लिहून ठेवलंय.

‘कायदेशीर’ या शब्दाचं काय? सॅम्युअल वूस्टर हा न्यू एकोटाला राहणारा मिशनरी. चेरोकी मुलखात राहणाऱ्या प्रत्येक गोऱ्यानं राज्याशी निष्ठेची शपथ घेऊन परवाना काढावा, असा कायदा जॉर्जियानं केला, तो वूस्टरनं मानला नाही. त्याच्यासह ११ जणांना चार वर्षं सक्तमजुरीची शिक्षा झाली. नऊ जणांनी माफी घेतली. वूस्टर आणि एलायझर बटलर हे दोघे तुरुंगात राहिले आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. सरन्यायाधीश जॉन मार्शल यांनी निकाल दिला की चेरोकी हा वेगळा समाज आहे, त्याच्या हद्दीत जॉर्जियाचा कायदा चालत नाही. म्हणजे देशातलं सर्वात वरचं कोर्ट चेरोकींच्या बाजूनं होतं. राज्यानं निकाल मानला नाही, वूस्टर पुढचे दहा महिने तुरुंगातच होता. ही पहिली वेळही नव्हती. १८३० च्या डिसेंबरात, डलॉनिगाच्या शेजारच्या हॉल काउंटीत, कॉर्न टॅसल या चेरोकी माणसाला फाशी देण्यात आली, तीही सर्वोच्च न्यायालयाचा थांबवण्याचा आदेश आलेला असताना.

इथे आपल्या बाजूचीही एक चूक दुरुस्त करायला हवी. या विषयावर बोलणारे पुष्कळ जण जॅक्सनचं एक वाक्य सांगतात: मार्शलनं निकाल दिलाय, आता त्यानंच तो अमलात आणावा. जॅक्सन असं म्हणाल्याचा त्या वेळचा पुरावा नाही. ते वाक्य तीसएक वर्षांनी, त्याच्या मृत्यूनंतर छापून आलं. त्यानं एका मित्राला पत्रात लिहिलं ते एवढंच, की कोर्टाचा निकाल मेलेलाच जन्माला आलाय. पुरे आहे तेवढं. खोट्या वाक्याची गरज नाही.

मग ‘५० लाखांना विकला’. चेरोकींच्या १८२७ च्या घटनेत पहिल्याच कलमात लिहिलं होतं की जमीन साऱ्या राष्ट्राची सामाईक आहे. परिषदेच्या परवानगीशिवाय जमीन परक्याला देईल त्याला मृत्युदंड, असाही त्यांचा लेखी कायदा होता. २९ डिसेंबर १८३५ रोजी न्यू एकोटाला ज्या तहावर सह्या झाल्या, त्या करणारे वीसएक जण होते. मुख्य प्रमुख रॉस त्यात नव्हता, परिषदेनं त्यांना तो अधिकार दिला नव्हता. विरोधात १५,००० हून अधिक नावांचे अर्ज वॉशिंग्टनला गेले. सिनेटमध्ये तह ३१ विरुद्ध १५ मतांनी मंजूर झाला. दोन तृतीयांश लागत होती, त्यातलं एक मत कमी पडलं असतं तर तह पडला असता.

सह्या करणाऱ्यांना विकले गेलेले म्हणून मोकळं व्हायला माझं मन होत नाही. त्यात मेजर रिज होता, ज्यानं पूर्वी जमीन विकण्याविरुद्ध आवाज उठवला होता. त्यात फीनिक्सचा संपादक बुडिनॉटही होता, फिलाडेल्फियात नांगर मोजून दाखवणारा. कोर्ट जिंकूनही काही हाती लागत नाही हे बघून त्यांची आशा संपली होती, निदान माणसं तरी वाचतील असं त्यांना वाटलं. आपण काय करतोय हे त्यांना माहीत होतं. २२ जून १८३९ रोजी, नव्या मुलखात, मेजर रिज, त्याचा मुलगा जॉन आणि बुडिनॉट या तिघांना एकाच दिवशी त्यांच्याच लोकांनी ठार केलं.

तहानं दिलेली मुदत २३ मे १८३८ ला संपली. जनरल विनफिल्ड स्कॉट सुमारे ७,००० सैनिक घेऊन आला होता. जॉर्जियात २६ मेपासून धरपकड सुरू झाली. ठिकठिकाणी लाकडी गढ्या बांधल्या होत्या, त्यातली एक डलॉनिगातच, फोर्ट फ्लॉइड. पन्नासएक वर्षांनी जेम्स मूनी या अभ्यासकानं त्या दिवसांतल्या म्हाताऱ्या माणसांशी बोलून लिहून ठेवलं: जेवायला बसलेल्या कुटुंबाच्या दारात अचानक संगिनी चमकायच्या. शेतातून पुरुष, चरख्यावरून बायका, खेळातून पोरं, जशी होती तशी उचलली जायची. टेकडीच्या माथ्यावर पोहोचून मागे वळून बघावं तर घर पेटलेलं, आणि सैनिकांच्या मागोमाग आलेले लोक गुरं हाकून नेत असलेले. चांदीच्या दागिन्यांसाठी थडगीही उकरली गेली. त्या धरपकडीत असलेला एक जॉर्जियाचा स्वयंसेवक पुढे यादवी युद्धातही लढला. त्यानं मूनीला सांगितलं की युद्धात हजारो माणसं मरताना पाहिली, पण चेरोकींना हलवण्याइतकं क्रूर काम पाहिलं नाही.

त्या उन्हाळ्यात दुष्काळ होता. छावण्यांत हगवण आणि गोवर पसरला. बहुतेकांना हिवाळ्यात चालवत नेलं, शेवटच्या तुकड्या मार्च १८३९ ला आजच्या ओक्लाहोमात पोहोचल्या. किती मेले याचा नेमका हिशेब कोणी ठेवला नाही. सुमारे ४,००० हा नेहमी सांगितला जाणारा अंदाज, म्हणजे साधारण चारातला एक. या वाटेचं नाव जगभर ‘अश्रूंची वाट’ म्हणून माहीत आहे. आणि आपण त्या वाटेच्या तोंडाशी असलेल्या गावाबद्दल लिहितो, ‘कुणाच्या डोळ्यांत पाणी न आणता’.

डलॉनिगाची सरकारी टांकसाळ १८३८ सालीच सुरू झाली. पहिली नाणी एप्रिलमध्ये पडली, धरपकड मेच्या अखेरीला सुरू झाली. त्या नाण्यांवर बारीक ‘डी’ अक्षर असतं, जुन्या कोर्टाच्या इमारतीतल्या संग्रहालयात ती बघायला मिळतात. इथून पुढे कधी ते ‘डी’ बघाल तर शेजारी ते साल मनात ठेवा.

‘सोनं संपलं आणि सगळे गेले’ यावर फार लिहीत नाही. १८४९ ला कॅलिफोर्नियाची हाक आल्यावर खूप जण गेले हे खरं, टांकसाळ १८६१ ला बंद झाली हेही खरं. पण खाणी अधूनमधून विसाव्या शतकापर्यंत चालू राहिल्या. अटलांटाच्या विधानभवनाच्या घुमटावरचा मुलामा १९५८ साली दिला, तो डलॉनिगाच्या सोन्याचा.

राहता राहिला ‘ते निघून गेले’ हा सूर, जणू चेरोकी इतिहासात विरून गेले. ओक्लाहोमातल्या चेरोकी नेशनचे आज चार लाखांहून अधिक नोंदलेले नागरिक आहेत, राजधानी ताह्लक्वा. नॉर्थ कॅरोलायनाच्या डोंगरात मागे राहिलेल्यांचे वंशज आपल्या जागेवर आहेत, डलॉनिगाहून गाडीनं काही तासांवर. सिक्वोयाची लिपी आता फोनवर टाइप होते. जॉर्जियानं चेरोकींविरुद्धचे ते जुने कायदे औपचारिकपणे रद्द केले ते १९६२ साली, आणि वूस्टर-बटलर यांना माफी दिली १९९२ साली, ते दोघे जाऊन शतक उलटल्यावर. चेस्टॅटी, एटोवा, याहूला, अमिकलोला ही नावं आपण रस्त्यावरच्या पाट्यांवर रोज वाचतो.

आणि आणखी एक कागद आपल्या घरात आहे. माझं घर फोर्साइथ काउंटीत आहे, लम्पकिनबरोबर त्याच दिवशी, त्याच कायद्यानं पाडलेल्या दहांपैकी एक. घर घेतलं तेव्हा व्यवहार पुरा होताना सह्यांचा ढीग झाला, त्यात खरेदीखताचं वर्णन मी तेव्हा वाचलंही नव्हतं. हा मजकूर परत आला तेव्हा फाइल काढली. आपल्या सातबाऱ्यावर गट नंबर असतो तसं पहिल्याच ओळीत लिहिलंय: लँड लॉटचा क्रमांक, मग दुसरा डिस्ट्रिक्ट, पहिला सेक्शन. ४० एकरांच्या सोन्याच्या लॉटपैकी एक. मिलेजव्हिलच्या पिंपातल्या चिठ्ठीवर होता तोच क्रमांक, आता त्यावर चाळीस-पन्नास घरं, त्यांतली निम्मी भारतीयांची.

मजकूर पुढे पाठवणाऱ्यांना एवढंच सांगणं आहे: शेवटचं वाक्य काढून टाका, आणि पाठवण्याआधी आपल्या घराचं खरेदीखत एकदा उघडा. चॅटाहूचीच्या उत्तरेला राहत असाल, अल्फारेटा, कमिंग, मॅरिएटा, कुठेही, तर त्यात ‘सेक्शन’ हा शब्द शोधा.